लैंगिक संसर्गापासून बचाव: बायकांशी बोलण्यापूर्वी काय समजून घ्यावे आणि मग कसे बोलावे

काही वर्षांपूर्वी सोलापूरच्या पूर्व भागातील एका वाड्याच्या अंगणात मी लैंगिक संसर्गाविषयी माहिती देण्यासाठी गेले होते. वीस-बावीस बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. सुपात एकीकडे कापलेली पाने, मधोमध तंबाखू, कडेला दोऱ्याचे रीळ, आणि बोटे अशी सवयीची की नजर दुसरीकडे गेली तरी हात थांबत नव्हते. मी तक्ते दाखवले, आजारांची नावे सांगितली, निरोधचे महत्त्व सांगितले. पाऊण तासात एकीनेही मान वर केली नाही आणि शेवटी “काही विचारायचे आहे का?” या प्रश्नाला सर्वांच्या वतीने एक वयस्क बाई “नाही” म्हणाल्या. मी तक्ते गुंडाळत असताना चपला शोधण्याच्या निमित्ताने एक जण मागे राहिली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “ताई, तुम्ही सांगितलं ते समदं कळलं. पर माझं आपरेशन झालंय. आता मी निरोध मागितला तर घरात त्याचा काय अर्थ निघतो, ते तुम्हाला ठाऊक हाय का?”

त्या बाईला माहितीची कमतरता नव्हती. तिला जे हवे होते ते माझ्या एकाही तक्त्यावर नव्हते. नवऱ्यासमोर उच्चारता येईल असे एक वाक्य, ते उच्चारल्यावर काही बिनसले तर मागे उभे राहील असे एखादे माणूस, आणि जिथे गेल्यावर मान खाली घालावी लागणार नाही असा एक दवाखाना, एवढ्या तीन गोष्टी तिला हव्या होत्या. पुढील मार्गदर्शन आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटाच्या अध्यक्षा, समुपदेशक आणि आपल्या गल्लीतील बायका ज्यांच्याकडे मन मोकळे करतात अशा कोणत्याही स्त्रीसाठी आहे. एखादी बाई स्वतःच्या बचावासाठी पाऊल कधी उचलते आणि कशामुळे अडते, हे ओळखून बोलण्याची मांडणी कशी करावी, एवढाच त्याचा विषय आहे.

“मला कशाला होईल?”

पहिला अडसर इथेच येतो. आपल्या भाषेत या आजारांना “गुप्तरोग”, “गरमी”, “बाहेरचा आजार” अशी नावे आहेत आणि प्रत्येक नावात चारित्र्याचा शिक्का दडलेला आहे. त्यामुळे जी बाई स्वतःला घरंदाज समजते ती या आजारांचा विषय निघताच मनाने बाजूला होते. हे आपल्यासाठी नाही, असे ती ठरवून टाकते. त्यात आपली भित्तिपत्रके वर्षानुवर्षे “एकनिष्ठ राहा” असे सांगत आली. ती तर एकनिष्ठच आहे. विवाहित स्त्रीला होणारा धोका बहुधा तिच्या वागण्यातून येत नाही, जोडीदाराच्या पूर्वीच्या किंवा आताच्या संबंधांतून येतो, आणि ते संबंध तिला ठाऊक असतातच असे नाही.

मात्र ही गोष्ट तोंडावर “तुमच्या नवऱ्यामुळे तुम्हाला धोका आहे” अशा शब्दांत सांगू नये. तसे सांगितले की बाई घराची बाजू घेते आणि बोलणे तिथेच संपते. ट्रकचालक, ऊसतोडीला जाणारे, परगावी कामाला राहणारे अशी माणसांची नावे घेऊन बोट दाखवणे तर पूर्णपणे टाळावे, कारण समोर बसलेल्यांपैकी कोणाचा तरी नवरा किंवा मुलगा तेच काम करतो. त्याऐवजी शरीरापासून सुरुवात करावी. स्त्रीच्या जननमार्गाचे अस्तर मोठे आणि नाजूक असते, वीर्य तेथे बराच काळ राहते, त्यामुळे एका संबंधातून पुरुषाकडून स्त्रीला संसर्ग होण्याची शक्यता उलट दिशेच्या तुलनेत साधारणपणे अधिक असते. कोवळ्या वयाच्या मुलींमध्ये गर्भाशयमुखाची वाढ पूर्ण झालेली नसते, म्हणून त्यांना धोका आणखी जास्त. पुरुषाला फोड आला तर दिसतो. बाईला तो आत आला तर तिला स्वतःलाही दिसत नाही. क्लॅमिडियासारख्या संसर्गात तर बहुतेक स्त्रियांना कोणतेही लक्षण जाणवत नाही आणि तो न कळता गर्भनलिकांपर्यंत पोचून पुढे वंध्यत्व किंवा गर्भ नलिकेतच राहण्याचे कारण ठरू शकतो. शरीराची रचना सांगताना कोणाच्याच चारित्र्याचा प्रश्न उपस्थित होत नाही, म्हणून ऐकणारीही मोकळेपणाने ऐकते.

“एवढ्या बायकांना होत असेल का?” असे कोणी विचारले तर सांगण्यासारखी दोन उत्तरे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात क्लॅमिडिया, परमा (गोनोरिया), उपदंश (सिफिलिस) आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या संसर्गांची मिळून जगभरात सुमारे 37 कोटी 40 लाख नवी प्रकरणे झाली. दुसरे उत्तर आपल्याच राज्यातले आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. हे आकडे मी भीती घालण्यासाठी वापरत नाही. “म्हणजे मी एकटी नाही” हा जो सुटकेचा भाव ऐकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर येतो, त्यासाठी वापरते. कारण लाजेचे ओझे जितके हलके होते तितके पाऊल दवाखान्याकडे लवकर वळते, असा माझा अनुभव आहे.

बोलण्याचे दार: अंगावरून पांढरे जाणे

लैंगिक संसर्ग हा शब्द ऐकून गप्प बसणाऱ्या बायका “अंगावरून पांढरे जाते” याविषयी मात्र बोलतात. म्हणून चर्चा येथून उघडावी. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पातळ, पांढरट, वास नसलेला स्राव होणे स्वाभाविक असते, हे प्रथम सांगावे, म्हणजे निम्म्या जणींची काळजी तिथेच मिटते. स्रावाला दुर्गंधी असेल, रंग पिवळा किंवा हिरवट असेल, दह्यासारखा घट्ट असून खाज असेल, ओटीपोटात दुखत असेल, लघवीला जळजळ होत असेल, संबंधानंतर रक्त जात असेल किंवा जननेंद्रियावर फोड अथवा जखम असेल, तर तपासणी टाळू नये.

येथेच एक फार महत्त्वाची बाब स्पष्ट करावी लागते. अंगावरून जाण्याची सगळीच कारणे लैंगिक संसर्गाची नसतात. बुरशीमुळे होणारा त्रास किंवा योनीतील नेहमीच्या जंतूंचा समतोल बिघडल्याने येणारा दुर्गंधीयुक्त स्राव कोणत्याही बाहेरच्या संबंधाशिवाय होऊ शकतो. हे न सांगता केवळ लक्षणांची यादी वाचून दाखवली, तर घरी जाऊन एखादी बाई नवऱ्यावर नाही तो आळ घेते, किंवा सासू सुनेवर घेते, आणि पुढच्या वेळी त्या घरातली बाई आपल्या बैठकीला येत नाही. कारण कोणते आहे हे तपासणीनेच ठरते, एवढेच ठामपणे सांगावे.

या टप्प्यावर घरगुती उपायांचा विषय हमखास निघतो. योनीचा आतील भाग साबणाने किंवा जंतुनाशकाने धुण्याची सवय अनेकींना स्वच्छतेची वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे आतील उपयोगी जंतू नष्ट होतात आणि संसर्गाला वाट मिळते. औषधाच्या दुकानातून अर्धवट गोळ्या आणून घेतल्याने लक्षण दबते आणि आजार तसाच राहतो. “पांढरे जाते म्हणून पिशवी काढून टाका” असा सल्ला कोणी दिला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, हे मी प्रत्येक बैठकीत दोनदा सांगते. संसर्गाचा उपचार औषधाने होतो. गर्भाशय काढल्यानंतरही जोडीदाराकडून संसर्ग होऊ शकतो, हे ऐकून अनेकींना धक्का बसतो.

निरोध मागायचा कसा

त्या दिवशी चपला शोधत थांबलेल्या बाईचा प्रश्न इतका मोलाचा का होता, ते आपल्या राज्यातील चित्र पाहिल्यावर समजते. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असते, असे 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून दिसते. मूल नको म्हणून निरोध वापरण्याचे कारण या बायकांच्या हातातून गेलेले असते. उरते फक्त आजाराचे कारण, आणि ते उच्चारले की “तुझा माझ्यावर विश्वास नाही का?” किंवा त्याहून बोचरे “तूच काही करून आलीस का?” असा प्रश्न येतो. शस्त्रक्रिया, तांबी, गर्भनिरोधक गोळ्या किंवा इंजेक्शन यांपैकी कशानेही संसर्ग रोखला जात नाही, ही माहिती आवश्यकच आहे, पण ती दिल्याने मागण्याचे धाडस येत नाही.

त्याच सर्वेक्षणात देशभरातील पाचांपैकी चारांहून अधिक विवाहित स्त्रियांनी, इच्छा नसेल तर आपण नवऱ्याला संबंधास नकार देऊ शकतो, असे सांगितले. हा आकडा आशा वाढवणारा आहे. तरीही सर्वेक्षकासमोर “देऊ शकते” म्हणणे आणि रात्री एका खोलीच्या घरात, पलीकडे मुले व सासू झोपलेली असताना, ते शब्द उच्चारणे यांत फार अंतर असते. ते अंतर कमी करण्याचे काम आपल्याला करायचे आहे आणि त्यासाठी मला सरावाइतका उपयोगी दुसरा मार्ग सापडलेला नाही.

सराव असा घ्यावा. पाच-सहा जणींचा लहान गट करावा. एकीने नवरा व्हावे, एकीने स्वतः. सुरुवातीला हसू होते, पदर तोंडाला लागतो, ते होऊ द्यावे. मग जिला बोलायचे आहे तिने आपल्या रोजच्या बोलीत वाक्य तयार करावे, पुस्तकी भाषेत करू नये. आमच्या एका गटात तयार झालेले वाक्य असे होते: “डाक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात. दोघांनीबी घ्यायच्यात, आणि त्या संपून आठ दिस होईपर्यंत निरोध वापरा म्हणून बजावलंय. न्हाई तर परत उलटतंय म्हणाल्या.” या वाक्याची ताकद कुठे आहे ते पाहावे. त्यात आरोप नाही, मुदत ठरलेली आहे, सांगणारी डॉक्टर आहे, आणि उपचार दोघांचा आहे. शिवाय ते खरे आहे. उपचार चालू असताना आणि दोघांचा उपचार संपून सात दिवस होईपर्यंत संबंध टाळणे, ते शक्य नसेल तर निरोध वापरणे, असाच वैद्यकीय सल्ला असतो. खोटे कारण शिकवू नये, कारण ते उघडे पडले की सगळा भार त्या बाईवर येतो. नवरा झालेल्या बाईने मग उलट प्रश्न विचारावेत: “मला काय झालंय?”, “लोकं काय म्हणतील?” आणि प्रत्येक प्रश्नाला एकेक उत्तर घोळवावे. आमच्या गटात “मला काय झालंय?” याला एकीने दिलेले उत्तर सगळ्यांनी उचलले: “झालंय का न्हाई ते तपासल्याबिगर कळत न्हाई म्हणं, म्हणून तर चला म्हणते.”

बाळंतपणानंतर तांबी बसवेपर्यंतचा काळ हीसुद्धा निरोधची सवय लावण्याची चांगली संधी आहे, कारण त्या वेळी पाळणा लांबवण्याचे कारण घरात सर्वांना मान्य असते. सवय एकदा लागली की पुढे ती टिकवणे सोपे जाते.

वेळ निवडणेही महत्त्वाचे आहे. दारू प्यालेल्या माणसाशी, भांडणाच्या भरात किंवा अगदी त्या क्षणी हा विषय काढू नये. दिवसा, दोघेच असताना, मालकांचे डोके शांत असताना काढावा. आणि जिथे मारहाण होते त्या घरातील बाईला “तुम्ही ठामपणे सांगा” असा सल्ला कधीही देऊ नये. आपण निघून येतो. मार तिला खावा लागतो. अशा बाईची सुरक्षितता प्रथम पाहावी. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे, आणि 181 या क्रमांकावर महिलांसाठीची मदत मिळते, हे तिला एकटीला गाठून सांगावे. तोवर तिच्या हातात असलेल्या गोष्टी, म्हणजे नियमित तपासणी, लक्षण दिसताच उपचार आणि लसीकरण, यांवर भर द्यावा. स्त्रियांसाठीचा निरोधही असतो, परंतु तो सहज मिळत नाही आणि महागही पडतो, म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवून योजना आखू नये.

निरोध वापरण्याची पद्धत दाखवायला संकोच करू नये. पाकिटावरील मुदत पाहावी, दाबल्यावर आत हवा जाणवावी, कडेने बोटांनी फाडावे, दात किंवा कात्री लावू नये. टोक चिमटीत धरून हवा काढावी आणि ताठ अवस्थेतच मुळापर्यंत उलगडावे. संबंधानंतर लगेच कडा धरून काढावे, गाठ मारून कागदात गुंडाळून टाकावे, आणि प्रत्येक वेळी नवे वापरावे. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावू नये, त्याने रबर कमकुवत होऊन फाटते. आपल्याकडे ही चूक सर्रास होते. निरोधमुळे एचआयव्ही, परमा आणि क्लॅमिडियापासून चांगले संरक्षण मिळते. जननेंद्रियावरील नागीण (हर्पिस), एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) आणि उपदंश यांत मात्र निरोधने न झाकलेल्या त्वचेतूनही संसर्ग होऊ शकतो, म्हणून फोड किंवा जखम दिसत असताना संबंध टाळणेच योग्य, हेही प्रामाणिकपणे सांगावे. सरकारी आरोग्य केंद्रात निरोध मोफत मिळतात आणि आशाताईंकडेही असतात.

कोणाच्या तोंडून ऐकते

शेजारच्या सांगली जिल्ह्यात 1992 पासून संग्राम या संस्थेने जे काम उभे केले, त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे वेश्याव्यवसायातील स्त्रियांनी स्वतः एकमेकींना निरोध वाटले, स्वतः समजावले, आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद नावाची आपली संघटना उभी केली. एकटी बाई गिऱ्हाइकाला नकार देऊ शकत नव्हती; सगळ्यांनी मिळून “निरोधशिवाय नाही” असे ठरवल्यावर गिऱ्हाइकाला दुसऱ्या दारी जाण्याची सोय उरत नाही. मात्र या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांना एक गोष्ट वारंवार दिसली आहे: गिऱ्हाइकाबरोबर न चुकता निरोध वापरणारी बाईही ज्याला ती आपला माणूस मानते त्याच्याबरोबर वापरत नाही. प्रेम आणि विश्वास यांच्यापुढे निरोध परका ठरतो. घरातील बाईची अडचण आणि तिची अडचण या ठिकाणी एकच होऊन जाते, आणि म्हणून मला हे उदाहरण बचत गटातही सांगावेसे वाटते. काही जणी नाक मुरडतात, तरीही सांगते.

सोलापुरात याचा व्यावहारिक अर्थ असा की बोलणारी बाई त्याच गल्लीतली, त्याच कामातली आणि त्याच भाषेची हवी. इथे एका चौकात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा ऐकू येतात. बाजारात अस्खलित मराठी बोलणारी, पण घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातील बाई स्वतःच्या शरीराविषयी मात्र तेलुगूतच बोलू शकते. मी मराठीत सांगितलेले तिने ऐकून घेतले, पण तिच्याच शेजारच्या अक्काने तेलुगूत सांगितल्यावर तिने प्रश्न विचारले, असे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे प्रत्येक वस्तीतून दोन-तीन अशा बायका निवडाव्यात ज्यांच्या पोटात गोष्ट राहते. बोलघेवडेपणा हा या कामातला गुण नाही.

पैशांचाही परिणाम होतो आणि तो कमी लेखू नये. विडी कामगार बाईला माल जमा करण्याची ठरलेली वेळ असते. बाह्यरुग्ण विभागही सकाळीच चालतो. दवाखान्यात सकाळ गेली की त्या दिवसाचे काम गेले. शहराबाहेर कुंभारी गावाकडच्या विडी कामगारांच्या घरकुलात राहणाऱ्या बाईला शहरात यायचे भाडे वेगळे. ज्या बाईच्या हाताशी स्वतःचे शंभर-दोनशे रुपये असतात, ती कोणाला कारण न सांगता रिक्षाने जाऊन येऊ शकते. म्हणून काही गटांनी आजारपणासाठी लहानशी रक्कम बाजूला ठेवली आणि कशासाठी हवी ते न विचारण्याचा नियम केला. माझ्या मते अनेक व्याख्यानांपेक्षा त्या एका नियमाने अधिक बायका तपासणीला गेल्या. शिवाय दोघी-दोघींनी जाण्याची आणि एकीचा माल दुसरीच्या घरच्यांनी जमा करण्याची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी.

दवाखान्यात काय घडते, ते आधीच सांगावे

एका दवाखान्यात मी एका तरुण बाईला घेऊन गेले असता, रांगेतील वीस जणांसमोर तिला मोठ्या आवाजात “नवरा कुठे कुठे जातो?” असे विचारण्यात आले. ती बाई त्या दारात पुन्हा आली नाही आणि तिने आपल्या ओळखीतल्या आणखी किती जणींना परावृत्त केले असेल, याची मला आजही खंत वाटते. तेव्हापासून मी कोणालाही कोठे पाठवण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहते: स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, पडदा आहे का, समुपदेशक कोठे बसतात.

सरकारी व्यवस्थेत लैंगिक व प्रजनन मार्गाच्या संसर्गासाठी “सुरक्षा क्लिनिक” या नावाने सेवा मिळते आणि एचआयव्हीसाठी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते; दोन्हींची तपासणी व औषधे मोफत असतात. सोलापूरकर ज्याला नुसते “सिव्हिल” म्हणतात त्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात त्यासंबंधी विचारता येते, आणि 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही माहिती घेता येते. लक्षणांच्या समूहानुसार औषधांचे रंगीत संच ठरलेले आहेत. योनीतील स्रावासाठी हिरवा, गर्भाशयमुखाच्या दाहासाठी राखाडी, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपला संच ओळखता यावा म्हणून रंग सोयीचे आहेत, पण त्याच रंगावरून शेजारणीला उरलेल्या गोळ्या देण्याचा मोह होतो, तो मोडून काढावा.

आत गेल्यावर शेवटची पाळी कधी आली, स्राव कसा आहे, संबंध कधी आला, जोडीदाराला काही त्रास आहे का, असे प्रश्न विचारले जातील. टेबलावर झोपवून आतील तपासणी होऊ शकते, ती काही मिनिटांची असते, अंग सैल सोडल्यास त्रास कमी होतो आणि सोबत बाई हवी असे सांगता येते. हे सगळे पायरीपायरीने आधीच ऐकलेली बाई टेबलावरून उठून जात नाही. एचआयव्हीची चाचणी संमतीशिवाय करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठीचा एचआयव्ही-एड्सविषयीचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला आहे. संसर्गाची शंका आलेल्या दिवसानंतर लगेच केलेली चाचणी निर्दोष आली तरी निश्चिंत होता येत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करण्यास सांगतात.

गरोदर स्त्रीच्या बाबतीत हा मार्ग सर्वांत मोकळा असतो. तिची एचआयव्ही आणि उपदंशाची चाचणी नेहमीच्या तपासणीचाच भाग असते, सर्वांची होते, त्यामुळे कोणी संशय घेत नाही. आणि बाळासाठी म्हटले की सासूही स्वतः घेऊन येते. उपदंश वेळीच सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने बाळाला वाचवता येते, न सापडल्यास मृत बाळ जन्माला येण्याचा किंवा बाळाला जन्मतः संसर्ग होण्याचा धोका असतो. पहिल्या तिमाहीतच नोंदणी करून घेण्याचा आग्रह धरावा आणि त्याच वेळी नवऱ्यालाही तपासणीला बोलवावे. एरवी न येणारे पुरुष या निमित्ताने येतात.

बळजबरी झाली असेल तर वेळ दवडू नये. एचआयव्ही रोखणारी औषधे 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. अत्याचारपीडित स्त्रीवर मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

लस आणि तपासणी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्व्हाव्हॅक ही देशी लस 2023 पासून बाजारात आहे. 9 ते 14 वर्षे वयात दोन मात्रा, त्यापुढे 26 वर्षांपर्यंत तीन मात्रा अशी तिची पद्धत आहे. मुलीला लस द्यायची म्हणजे तिच्या वागण्यावर शंका घेणे, असे काही आयांना वाटते. त्यांना ही कर्करोगाची लस आहे असे सांगावे, कारण ती आहेच. 30 ते 65 वर्षे वयाच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, व्हिनेगरसारखे द्रावण लावून ती काही मिनिटांत करतात, आणि दर पाच वर्षांनी ती करून घ्यावी. हिपॅटायटिस बी हाही संबंधातून पसरणारा आजार आहे व त्यावरही लस आहे.

दुसरी भेट

बहुतेक बायका पहिल्या भेटीनंतर बरे वाटले की थांबतात, आणि आपणही तिथेच थांबतो. उपचाराचा खरा निकाल मात्र दुसऱ्या भेटीत लागतो. तिला सांगावे की गोळ्या संपल्यावर ठरलेल्या तारखेला जायचे आहे, जाताना केसपेपर आणि रिकामे पाकीट न्यायचे आहे, आणि जोडीदाराने तपासणीला यावे म्हणून दवाखान्यातून दिलेली चिठ्ठी त्याच्यापर्यंत पोचली का हे सांगायचे आहे. चिठ्ठी हातात देणे जमत नसेल तर समुपदेशकांकडून नवऱ्याला “सर्वसाधारण तपासणी” म्हणून बोलावणे पाठवण्याची विनंती करता येते. केसपेपर घरात ठेवणे धोक्याचे असेल तर तो गटातील विश्वासाच्या बाईकडे ठेवावा. चपला शोधत थांबलेल्या त्या बाईचा कागद पुढे चार महिने माझ्या पिशवीत होता. ती दर वेळी वाटेत भेटून तो घ्यायची आणि परतताना माझ्याकडे देऊन जायची. चौथ्या वेळी तिच्यासोबत तिचे मालक होते, आणि त्यांच्या नावाचा वेगळा केसपेपर त्यांच्या स्वतःच्या खिशात होता.